घर दाखवण्याचा कार्यक्रम

मुली दाखवण्याचे कार्यक्रम महाराष्ट्रातून हळूहळू उठत चालले म्हणून मला बरे वाटत होते. पण ते बरे वाटणे फार दिवस टिकले नाही. कार्यक्रम काही उठलेला नाही, नुसती वधू बदलली आहे. आता घरे दाखवतात. चेहऱ्यावर तीच पावडर, अंगावर तीच मावशीकडून उसनी आणलेली साडी आणि पोह्यांच्या बशीकडे बोट दाखवून 'सगळं तिनंच केलंय हो' असे तेच ठोकून देणे. पूर्वी मुलीला चष्मा असला तर तेवढ्यापुरता काढून ठेवीत आणि मग ती बिचारी चहाचा कप पाहुण्यांच्या हातात देण्याऐवजी त्यांच्या मांडीवर ठेवी. हल्ली भिंतीला ओल असली तर तिच्यावर तेवढ्यापुरता रंग मारतात. फरक एवढाच, की चष्मा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उघडकीला येई. ओल पाऊस पडेपर्यंत वाट पाहते, आणि तोवर खरेदीखत होऊन गेलेले असते.

या प्रकाराला 'होम स्टेजिंग' असे भारदस्त नाव आहे. म्हणजे घराला मेकअप करून स्टेजवर उभे करणे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बाजूला बार्ब श्वार्झ नावाच्या बाई घरे विकायच्या. त्यांनी १९७२ साली ही कला काढली असे मानतात. आता हे १९७२ साल जरा ध्यानात ठेवा. त्या साली महाराष्ट्रात दुष्काळ होता. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते आणि सुकडी खात होते. त्याच साली आमच्याकडे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच साली बजाजची 'चेतक' स्कूटर बाजारात आली. म्हणजे तिकडे एक बाई गिऱ्हाईक कसे ओढावे याचा शोध लावत होती, आणि इकडे आकुर्डीत गिऱ्हाईक कसे थोपवावे ही पंचाईत होती!

अतिशयोक्ती नाही. स्कूटरसाठी नंबर लावावा लागे आणि नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा वर्षे जात. मुलगा कॉलेजात गेला म्हणून लावलेला नंबर त्याच्या मुलाच्या बारशाला लागे. नंबर लागलेला माणूस तीच स्कूटर वापरून, पेट्रोल जाळून, जास्त पैशाला विकू शके. जुनी वस्तू नव्याहून महाग, असा चमत्कार अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्हाला बी. कॉम.ला नव्हता, तो आकुर्डीच्या रस्त्यावर होता. प्राधिकरणाच्या जागेचेही तसेच. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि वाट पाहायची. मिळालेल्या घराला खिडकी कुठल्या दिशेला आहे हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती. घर आहे ना? मग झाले.

अशा गावात आता घर विकायला फुलदाणी लागते.

याचे कारण उघड आहे. रावेत, पुनावळे, मोशी अशा चारी अंगांनी बारा-बारा, वीस-वीस मजल्यांचे मनोरे उठले. त्यांत पोहण्याचा तलाव, पळायचा पट्टा, म्हाताऱ्यांना बसायला वेगळा कोपरा. (आमच्याकडे म्हातारे कुठल्याही कोपऱ्यात बसत.) त्यांच्यासमोर आमच्या आकुर्डीतली तीन मजली, लिफ्ट नसलेली, जिन्यात सायकली लावलेली बिल्डिंग म्हणजे भरजरी शालूंच्या दुकानात लटकवलेले धुवट लुगडे. तेव्हा विकणाऱ्याचा धीर सुटतो आणि तो एजंटाच्या हाती सापडतो.

माझे साडू असेच सापडले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी तीस वर्षे एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. बाहेरून आलेला माल तपासायचा, गेज लावायचा, बसला तर पास, नाही तर परत. हातात गेज नसले तरी त्यांचा अंगठा आणि तर्जनी सदैव काहीतरी मोजत असतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते जिलबी आधी उजेडाकडे धरून पाहतात. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला, तिसरा मजला चढवेना, म्हणून आकुर्डीतला फ्लॅट विकून रावेतला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जायचे ठरले.

एजंट आला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. बूट टोकदार. त्याने दारातच थांबून नाक वर केले आणि म्हणाला, "काका, घरात माणसं राहतात असा फील येतोय."

"राहतात," अण्णा म्हणाले.

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

पुढचा अर्धा तास त्याने जो पाढा वाचला तो मी स्वतः ऐकला आहे. भिंतीवरचे फोटो काढा, कारण पाहायला येणाऱ्याला स्वतःचे फोटो तिथे दिसले पाहिजेत. (न लावलेले फोटो दिसायला तो काय योगी आहे?) कॅलेंडर काढा. देव काढा, देव असले की घेणाऱ्याचे देव निराळे निघाले तर तो बिचकतो. माळ्यावरचे डबे काढा. दोरीवरचे कपडे काढा, दोरी काढा, दोरीचे खिळे काढा. कपाट अर्धेच भरलेले ठेवा, म्हणजे जागा जास्त वाटते. दाराशी चपला नकोत. स्वयंपाकघरात मिक्सर दिसता कामा नये, कुकर दिसता कामा नये, पोळपाट तर मुळीच नाही. त्याऐवजी काचेच्या बशीत लिंबे ठेवायची. खरी नव्हेत, खरी सुकतात. आठवडाभर मासळी तळायची नाही. पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटे कॉफी उकळायची. प्यायची नाही, नुसती उकळायची.

"आणि रंग," एजंट म्हणाला. "ही पश्चिमेची भिंत. इथं ओल आहे वाटतं?"

"ऑगस्टात येते. बाहेरून भेग आहे."

"लांबी भरा, वर ऑफ-व्हाइट मारा, समोर एक मोठं पेंटिंग टांगा. आत्ता मार्च आहे. जूनच्या आत उडवून टाकू."

'उडवून टाकू' हा त्याचा शब्द. मला त्यातच सगळे आले असे वाटले. पण अण्णा मान हलवत होते. एजंट गेल्यावर मी त्यांना विचारले, "अण्णा, कास्टिंगच्या भोकात लांबी भरून, वर रंग मारून माल पाठवणाऱ्या पार्टीला तुम्ही काय करायचात?"

"अख्खा लॉट परत! वर्षभर त्याच्या नावापुढे लाल खूण!"

"मग ही भिंत?"

अण्णांनी जरा विचार केला. "कास्टिंग गाडीत बसून फिरतं," ते म्हणाले. "भिंत फिरत नाही."

तीस वर्षांचे इन्स्पेक्शन एका फ्लॅटच्या किमतीपुढे असे पाघळते, हे पाहून मी गप्प बसलो नाही. म्हणूनच हा लेख आहे.

आधी एक सांगतो, नाहीतर माझी बायको हा लेख वाचून म्हणेल की पंखे पुसायचा कंटाळा म्हणून तत्त्वज्ञान सुचले. घर विकण्याआधी ते स्वच्छ करावे. गळका नळ बदलावा, जळालेला बल्ब बदलावा, दाराची करकरणारी बिजागरी तेल घालून गप्प करावी, माळ्यावरचे तुटके पंख भंगारवाल्याला द्यावेत. याला माझी हरकत नाही. हे विकायचे नसले तरी करावे. आपण राहत होतो तोवर का केले नाही, एवढाच प्रश्न त्यात आहे. माझी हरकत झाडण्याला नाही, झाकण्याला आहे.

'हे सगळेच करतात' असे एजंट म्हणतो. सगळे करतात ते कायद्यात आहे का, हे पाहायची मला बँकेतली सवय आहे. (तिचा बढतीसाठी उपयोग झालेला नाही.) आपल्याकडे १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्याचे ५५ वे कलम असे सांगते की, विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला दिसणार नाही, असा मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगितला पाहिजे. विचारल्यावर नव्हे, आपण होऊन! तुमचे वेगळे काही ठरलेले असले तर गोष्ट निराळी. म्हणजे भेग उघडी ठेवली तर 'तुम्हीच नीट पाहायचं होतं' असे म्हणायला निदान तोंड उरते. लांबी भरून वर पेंटिंग टांगले की तेही उरत नाही. दोष 'दिसणार नाही असा' करण्याची मजुरी आपणच पेंटरला दिलेली असते, आणि तिची पावतीही बहुधा आपल्याच नावे असते.

गोऱ्या साहेबाने दीडशे वर्षांमागे लिहिलेले हे कलम सिअ‍ॅटलच्या बाईंपेक्षा नव्वद वर्षांनी वडील आहे. वडिलांचे ऐकावे.

पण कायदा राहू द्या. हिशेब पाहू. समजा, फ्लॅटची किंमत अठ्ठावन्न लाख ठरली. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. उरलेले अकरा लाख साठ हजार घेणाऱ्याने आणायचे. वर मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे चार लाख सहा हजार, नोंदणीचे तीस हजार. घर बाईच्या नावावर घेतले तर शुल्कात एक टक्का सूट आहे, ही सरकारची एकमेव गोष्ट जिच्यामुळे आमच्या काउंटरवर नवरे बायकांना पुढे करतात. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी तो माणूस सोळा लाखांच्या घरात गेलेला असतो आणि फ्लॅटच्या घरात अजून गेलेला नसतो. एवढे पैसे रोख कुणाजवळ असतात? प्रॉव्हिडंट फंड, मोडलेल्या ठेवी, सासऱ्यांची 'परत नाही केलेस तरी चालेल' अशी परत करावीच लागणारी रक्कम, आणि शेवटी बांगड्या. बांगड्या तारण ठेवायला आलेल्या बाईच्या मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला असतो. तो पाहायची सवय मला अजून झाली नाही.

आता नट्टापट्ट्याने भुलून या माणसाने तीन लाख जास्त कबूल केले असे धरा. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो. त्याला कॉफीचा वास येत नाही. तो लिंबे मोजत नाही, तो टेप लावतो. कार्पेट किती, बिल्डिंगचे वय किती, भोगवटा पत्र आहे का, शेजारी काय भावाने गेले. त्याचा आकडा कमी आला की बँक तो धरते आणि ते तीन लाख कर्जाबाहेर पडतात. म्हणजे पुन्हा बांगड्या. आणि समजा, कर्जात बसले, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्या तीन लाखांचे सव्वासहा लाख फेडायचे. प्लॅस्टिकची लिंबे, एक पेंटिंग आणि न प्यायलेली कॉफी यांचे सव्वासहा लाख! त्या पैशात माणूस जन्मभर खरे सरबत पिईल.

असो. अण्णांच्या घरी कार्यक्रमाची तयारी झाली. घर मोकळे दिसावे म्हणून अर्धे घर माझ्याकडे आले. दोन कॉट, शिलाई मशीन, पाण्याचे पिंप, देव, तेवीस डबे (त्यांपैकी अकरांत आणखी डबे) आणि एक घड्याळ, जे रात्री तीनला बाराचे ठोके देते. आमचे घर त्या काळात कुणाला दाखवण्याच्या लायकीचे राहिले नाही. पण खरी अडचण पुढेच होती. हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीपाशी अण्णांच्या आई बसतात. वय शहाऐंशी. त्या खुर्चीत त्या गेली वीस वर्षे आहेत. एजंट घुटमळला, मग अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आजींचं काही करता येईल का? म्हणजे शोच्या वेळेपुरतं. हॉल भरल्यासारखा वाटतो."

मी हे लिहिताना विनोद करायचा प्रयत्न करून पाहिला, जमला नाही. घर मोठे दिसावे म्हणून घरातली म्हातारी उचलून बाहेर ठेवायची, हा या कलेचा शेवटचा धडा आहे आणि फोटो, देव, पोळपाट हे त्याआधीचे. तो लिंबांपासून सुरू होतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आजींनी मात्र ऐकून घेतले. "मी विठ्ठलाच्या देवळात जाऊन बसते," म्हणाल्या. आकुर्डीचे विठ्ठल मंदिर म्हणजे देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे ठिकाण. तुकोबा स्वतः दुकानदार. वडिलोपार्जित सावकारीत लोकांची देणी होती. आपल्या वाटणीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी कथा आहे. (आमच्या शाखेत हे कुणी केले तर त्याची पालखी थेट चौकशी समितीपुढे निघेल.) त्या माणसाचा मुक्काम असतो त्या देवळात आजी बसणार आणि इकडे त्यांचा मुलगा भिंतीला लांबी भरून माल खपवणार! मी हे अण्णांना बोलून दाखवले. अण्णा म्हणाले, "अहो बँकवाले, तुमचं काय जातंय?" माझे जात होते. माझ्या हॉलमध्ये घड्याळ ठोके देत होते.

दोन महिने कार्यक्रम चालला. पाण्याची एक गंमत सांगतो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झाले आणि लोकांना तात्पुरते वाटलेले ते प्रकरण वर्षानुवर्षे लांबले. एजंट पाहुणे आणायचा तेही दिवसाआड. पाणी येण्याच्या दिवशीच. आल्या आल्या बाथरूममध्ये जाऊन शॉवर पूर्ण सोडायचा आणि "प्रेशर बघा" म्हणायचा. रेल्वे स्टेशन 'पाच मिनिटं' आणि मेट्रो 'दोन मिनिटं' असे तो सांगे. निगडीपर्यंत मेट्रो वाढवायला केंद्राची मंजुरी २०२३ च्या ऑक्टोबरात मिळाली, आणि मंजुरीचा कागद वाळायच्या आत आकुर्डीतले प्रत्येक घर स्टेशनपासून दोन मिनिटांवर येऊन बसले. स्टेशन कुठेही होवो.

पाहुणेही एकेक नमुने. एकाने बूट न काढता सगळे फिरून "नाइस" म्हटले आणि तो परत दिसला नाही. एकाने होकायंत्र आणले होते. त्याच्या मते संडास चुकीच्या दिशेला होता. अण्णा म्हणाले, "संडास बरोबर आहे, दिशा चुकलीय." एक जोडपे फार आवडून गेले, जिन्यात त्यांनी विचारले, "सोसायटीत सगळे व्हेजच आहेत ना?" वर तिसऱ्याच मजल्यावरून बोंबलाचा वास येत होता. समोरच्यांना कुणी कॉफीबद्दल सांगितले नव्हते. कुणीच परत आले नाही. का येतील? ज्या घरात माणूस राहिल्याची खूण नाही ते घर पाहून कुणालाही पहिली शंका हीच येते, की इथून माणसे एवढ्या घाईने का निघालीत?

मेच्या शेवटी एक मंडळी आली. चाकणच्या कारखान्यातला मुलगा, त्याची बायको आणि मुलाची आई. त्या दिवशी आजी देवळातून लवकर परतल्या. पाय दुखत होते म्हणून असेल, किंवा विठ्ठलाने सांगितले म्हणून असेल. त्या आल्या, आपली खुर्ची शोधली, ती माझ्या घरी होती, तेव्हा पाहुण्यांसाठी मांडलेल्या कोचावर बसल्या आणि मुलाच्या आईशी बोलू लागल्या. कुठल्या तुम्ही, सासर कुठलं, गुडघे कसे आहेत. पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, "तुम्ही घर घेणार असाल तर एक ऐका. या भिंतीला कपाट टेकवू नका बरं. श्रावणात ओल येते. माझ्या नऊवारीला बुरशी आली होती. बाहेरून भेग आहे."

एजंटाचा चेहरा ऑफ-व्हाइट झाला.

मुलाची आई उठली, पेंटिंग बाजूला करून भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या आत्ताच्या खोलीत तर छतच गळतं. हे बाहेरून बुजवता येईल ना?" अण्णा पुढे झाले. तीस वर्षांचे इन्स्पेक्शन अंगात परत आल्यासारखे त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर भेग कुठून कुठे जाते ते काढून दाखवले, प्लंबरने सांगितलेला खर्च सांगितला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. पाणी दिवसाआड असते. जिन्याखालचा दिवा सोसायटी दुरुस्त करत नाही. समोरच्या मंगल कार्यालयाचा वैशाखात त्रास होतो. पूर्वेची खोली मात्र उत्तम, तिथे हिवाळ्यात पंखा लागत नाही. एजंट मध्ये मध्ये "काका, काका" म्हणत होता, जणू अण्णा गॅलरीतून खाली वाकले होते.

भिंतीपोटी एक लाख कमी ठरले आणि आठव्या दिवशी विसार झाला. ज्याने आपण होऊन भेग दाखवली त्याने आणखी काही लपवले असेल असे त्या माउलीला वाटले नाही. एजंटाने आपले टक्के दोन्हीकडून घेतले आणि जाताना मला म्हणाला, "आजींचा टच चांगला होता. पुढच्या वेळी वापरायला हवा." याला काय म्हणावे?

पण विसार म्हणजे विक्री नव्हे, आणि इथे मला त्या कलेवर दुसरा आरोप ठेवायचा आहे. दोन महिने लिंबांच्या मागे लागलेल्या एकाही शहाण्याने अण्णांना 'कागद काढा' असे सांगितले नव्हते. घर लवकर विकायचे असेल तर भिंतीआधी ट्रंक उघडावी. मूळ करारनामा, इंडेक्स टू, नोंदणीची पावती, भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, सोसायटीचा ना-हरकत दाखला. घेणाऱ्याची बँक हे सगळे मागते, तीस-तीस वर्षांचा शोध घेते आणि एक कागद कमी असला की फाइल झोपते. प्राधिकरणाच्या जागा तर नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या. २०२१ च्या जूनमध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा काही भाग महापालिकेकडे आणि काही पीएमआरडीएकडे गेला. अशा जागेवरचे घर असेल तर हस्तांतरणाची परवानगी कुठून घ्यायची आणि शुल्क किती, हे गिऱ्हाईक यायच्या आधी विचारून ठेवावे. सोसायटीने हस्तांतरणाचे म्हणून पंचवीस हजारांवर मागितले तर द्यायचे नाहीत. महापालिका हद्दीत सरकारने घातलेली मर्यादा तेवढीच आहे. घरावर आपले कर्ज होते आणि फिटले असेल तर बँकेकडून मूळ कागद मागून आणावेत. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत ते परत केले नाहीत आणि चूक बँकेची असली तर बँकेने रोज पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. (हे मी छापून देतो आहे हे आमच्या मॅनेजरसाहेबांना कळवू नका.)

अण्णांचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निघाले; तो डबा अर्थात माझ्याकडे होता. शेअर सर्टिफिकेट खराब होऊ नये म्हणून अण्णांनी लॅमिनेट करून ठेवले होते. अतिशय सुबक. फक्त हस्तांतरणाची नोंद त्याच्या मागच्या बाजूला करायची असते आणि प्लॅस्टिकवर सेक्रेटरीचे पेन चालेना. दुसरे सर्टिफिकेट काढायला सोसायटीची सभा लागली, सभेला कोरम लागला, आणि कोरमचे दोन सभासद नातवाकडे अमेरिकेत होते. भिंतीची लांबी एका दिवसात सुकली होती. हे प्रकरण सात आठवडे सुकले नाही.

शेवटी खरेदीखत झाले. किंमत पन्नास लाखांवर होती म्हणून घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापला, त्यावर अण्णांनी "हे कुठल्या दोषापोटी?" असे विचारले. पश्चिमेची भिंत नव्या मालकांनी पावसाच्या आधीच बाहेरून बुजवून घेतली. आजींची खुर्ची त्यांच्या मुलाने स्वतः खाली उतरवून दिली.

आता अण्णा घेणारे झाले आहेत. परवा रावेतला एका बिल्डिंगचा सॅम्पल फ्लॅट पाहायला मला बरोबर घेऊन गेले. बिल्डिंग अजून जमिनीच्या वर यायची होती, सॅम्पल फ्लॅट मात्र शेडमध्ये तयार होता. आत गेलो तर कॉफीचा वास. टेबलावर काचेच्या बशीत लिंबे. खोल्यांना दारेच नव्हती, त्यामुळे जागा ऐसपैस वाटत होती. बेडरूममध्ये बेडभोवती गरब्याचा फेर धरता येईल एवढी जागा. अण्णांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत काहीतरी मोजले, चपला काढल्या आणि कुणी नको म्हणायच्या आत ते बेडवर आडवे झाले. पोटऱ्यांपासून पुढचे पाय बाहेर.

"बाई, हा बेड किती फुटांचा?" अण्णांनी पडल्या पडल्या विचारले.

"सर, प्लीज उठा," ती मुलगी म्हणाली. "तो झोपायचा नाहीये."